छावणीत थांबलेली म्हैस

पेशकारकाका बोलायला लागले की आमच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी दूध उतू जायचंच. उस्मानपुऱ्यातली ती अरुंद गल्ली, समोरासमोर घरं आणि मधोमध काकांचा ओटा. संध्याकाळी कचेरीतून आले की काका हातपाय धूत, चहा घेत आणि अडकित्ता घेऊन ओट्यावर बसत. पहिली सुपारी कातरून होईपर्यंत एक शब्द नाही. अडकित्ता वाजायचा थांबला की आतल्या बायकांना कळायचं, झालं सुरू. स्टोव्ह बारीक करायला जरा आत जावं, तर तेवढ्यात गोष्टीतला माणूस विहिरीत पडलेला असायचा, आणि तो कसा पडला ते परत सांगायला काका साफ नकार देत. माझी किती पातेली जळली ते मी मोजलं नाही. मोजून काकांना सुनावलं असतं, तर त्यांनी त्याचीही गोष्ट केली असती.

त्यांचं नाव अनंतराव. पेशकार हे निजामाच्या वेळचं पद. तहसिलीत साहेबांपुढं मिसली, म्हणजे आपल्या फायली, वाचून दाखवायच्या आणि साहेब काय म्हणाले ते लिहून घ्यायचं, हे पेशकाराचं काम. पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, तहसिलीवरचा झेंडा बदलला, काकांच्या पदाचं नावही बदललं. गल्लीनं मात्र त्यांना पेशकारच ठेवलं. मी त्यांच्या शेजारी राहायचे आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून काकांसकट सगळी गल्ली मला 'बाई' म्हणायची. काका वयानं वडिलांसारखे, तरी कधी 'अगं' म्हणाले नाहीत. मास्तरणीला अगं म्हटलं की विद्या जाते, असं त्यांचं म्हणणं.

गोष्ट सांगताना काका मुद्द्यावर कधी यायचेच नाहीत. मुद्दा म्हणजे मुक्कामाचं गाव, तिथं पोचलं की उतरावंच लागतं, मग घाई कशाला? त्यांची पैठणच्या टोपीची गोष्ट मी कैकदा ऐकली आणि कैकदा भाजी करपवली. साहेब तपासणीला पैठणला गेले, गोदावरीच्या घाटावर उभे राहिले आणि वाऱ्यानं त्यांची टोपी नदीत गेली, एवढीच ती गोष्ट. पण काका आधी वारा कुठून निघाला ते सांगत. मग टोपी कुणी शिवली ते. मग कोतवालानं खुशामतीपायी पाण्यात उडी कशी घेतली, आणि आपल्याला पोहता येत नाही हे त्याला पाण्यात गेल्यावर कसं आठवलं. मग त्याला वाचवायला घाटावरचे गुरुजी सोवळ्यानिशी आत, गुरुजींना धरायला त्यांचा यजमान आत, आणि टोपी बापडी आपली आपण काठाला लागलेली, तिच्यात एक बेडूक बसलेला. तो बेडूक काका मान आत ओढून आणि डोळे वटारून असा काही दाखवत, की काकू दारातूनच म्हणायच्या, बास करा आता, तसेच राहाल.

आणि याच प्रसंगाचा अहवालही काकांनीच लिहिला होता. तो ते अभिमानानं म्हणून दाखवत. 'पाहणीवेळी साहेबांची टोपी नदीपात्रात गेली. शोध घेण्यात आला. मिळून आली. ओली.'

समोरच्या घरात बाबाराव देशमुख राहायचे. मूळचे पडेगावचे शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी शेत भावावर सोपवून शहरात आलेले. माणूस अंगानं थोराड, आवाज तर बांधावरून हाक मारावी असा. त्यांना तो अहवाल मुळीच पटायचा नाही. त्यांनी विचारलं, कागदात बेडूक कुठं गेला? काका म्हणाले, बेडकाचं कागदात काय काम?

आड तुडुंब भरलेला आणि पोहरा मात्र कोरडा वर यायचा, अशी ही तऱ्हा. त्याला कारणही होतं. काका घरी मराठी बोलले, पण शाळा शिकले उर्दूतून आणि नोकरीही केली उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर हुकूम आला, की यापुढं मराठीत लिहा. पस्तिशी उलटलेल्या काकांनी मग मराठी लिहिणं शिकून घेतलं ते सरकारी परिपत्रकं गिरवून. त्यामुळं बोलायची मराठी आईनं दिलेली आणि लिहायची सरकारनं दिलेली, या दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, असं त्यांचं ठाम मत होऊन बसलं. आम्हा मास्तर लोकांचं तरी वेगळं काय असतं म्हणा.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग नलिनीचं लग्न झालं.

नलिनी ही काकांची एकुलती एक लेक आणि माझी विद्यार्थिनी. लहानपणापासून ओट्यावर बापाच्या मांडीला टेकून गोष्टी ऐकत वाढलेली. तिला दिलं जबलपूरला. जावई सोन्यासारखा, पण सोनं कधी बोलतं का? सकाळी कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी येऊन वर्तमानपत्र वाचायचा. भांडण नाही, तंटा नाही, आणि घरात आवाजही नाही. नलिनी डोळ्यांत प्राण आणून बापाच्या कार्डाची वाट बघायची, आणि कार्ड यायचं ते असं. 'चि. सौ. नलिनी हीस कळविण्यात येते की, इकडील सर्व ठीक आहे. आईची प्रकृती समाधानकारक आहे. लोणचे घालण्यात आले. पुढील माहिती यथावकाश.' खाली आडनावासकट पूर्ण सही. ते कार्ड टाकायच्या आधी वाचून काकू भडकायच्या. टोपलंभर कैऱ्या मी चिरल्या, आणि म्हणे 'घालण्यात आले'.

लेक तिकडं सुकायला लागली हे काकांनाही कळत होतं. त्यांनी ठरवलं, लिहिण्याचा नाद सोडायचा आणि सरळ फोनवर बोलायचं. गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान होतं, तिथून ट्रंक कॉल लावला. जबलपूरला नलिनीच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. सांगायला बातमीही अस्सल होती. बाबाराव पडेगावला भावाकडं ठेवून आलेली म्हैस दावं तोडून एकटीच चालत शहरात आली होती. पण काका ते काका. तीन मिनिटांचा कॉल, त्यात आधी म्हशीची आई कुणाकडची, मग दावं कुणी वळलं, मग दौलताबादच्या रस्त्यावर त्या दिवशी कोण कोण होतं. म्हैस जेमतेम शहराच्या तोंडाशी, लष्कराच्या छावणीत पोचली आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात फोन वाजला. काल कॉल जोडून देणारी टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई विचारत होती, कालच्या म्हशीचं पुढं काय झालं? दुकानदारानं काकांना बोलावून आणलं. काकांनी काउंटरवर कोपर टेकून तिला उरलेली सगळी गोष्ट सांगितली. म्हैस छावणीतून वाट न चुकता उस्मानपुऱ्यात आली, नेमकी बाबारावांच्या दारात उभी राहिली आणि हंबरली. गाव सोडताना ज्यांनी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ते बाबाराव नव्या पाटलोणीत बाहेर आले आणि तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. बाबारावांचा खुलासा असा, की डोळ्यात भुसा गेला होता. उस्मानपुऱ्यात भुसा कुठून आला हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. म्हैस मात्र परत पडेगावला पोचवावी लागली, अरुंद गल्लीत बांधणार कुठं? गोष्ट झकास झाली, ती बाईही खूश झाली. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "लेकीची म्हैस अजून छावणीतच हाय, आन् तुम्ही एक्स्चेंजवालीला घरापर्यंत आणून सोडली."

काका त्या दिवशी ओट्यावर बसले नाहीत.

थोड्याच दिवसांत नलिनीचं मला पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, 'बाई, बाबांचं कार्ड मी दोन्ही बाजूंनी वाचते. त्यात बाबा कुठंच सापडत नाहीत. तुम्ही एवढ्या पोरींना निबंध शिकवलेत, माझ्या बाबांना बोलल्यासारखं लिहायला शिकवा ना.'

मी पण काही कमी नाही. गेले कागद घेऊन आणि काकांना समोर बसवलं. म्हटलं, जसं बोलता तसं लिहायचं, यात अवघड काय आहे? काकांनी पेन हातात घेतलं मात्र, त्यांची पाठ ताठ झाली आणि चेहरा तहसिलीसारखा झाला. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, 'विषय : म्हैस.' मी कपाळाला हात लावला.

तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते सुद्धा बोलल्यासारखंच लिहायचे. एका गावची मोजणी का झाली नाही असा वरून सवाल आला, तर या पठ्ठ्यानं उर्दूत जवाब लिहिला, की पाऊस होता, रस्ता नव्हता आणि मोजणी करणाऱ्या अमीनसाहेबांचं जायचं मन नव्हतं. खरं तेच लिहिलं होतं, आणि तोंडी सांगितलं असतं तर सगळे हसून मोकळे झाले असते. पण कागदावर ते वाक्य पडलं आणि टेबलाटेबलावरून फिरून खुलासा मागायला परत त्यांच्यापुढं आलं. कसंबसं निस्तरलं. पुढं पोलीस ॲक्शन झालं. जुन्या मिसली मराठीत करायचं काम निघालं, आणि एक दिवस नव्या साहेबांनी काकांपुढं कागद टाकला. तेच वाक्य, आता मराठीत, आणि समासात नवा शेरा, खुलासा करावा.

काका म्हणाले, "राज गेलं बाई, पण माझं वाक्य नाय गेलं. बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं मिसलीत जातं आन् फिरून आपल्याच पुढं येतं. म्हणून लिहिताना त्यातनं माणूस काढून टाकायचा. माणूस नसला की खुलासा कोण मागंल?"

मी दुसरी युक्ती केली. म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहिते. तर माझं पेन दिसलं की काका म्हणत, 'उपरोक्त म्हैस'. शेवटी मी त्यांच्या गोष्टी नुसत्या ऐकल्या आणि घरी जाऊन त्यातल्या दोन-तीन काकांच्या नावानं छान लिहून पाठवल्या. म्हशीला मात्र हात लावला नाही, ती गोष्ट बापानंच लेकीला द्यायची होती. नलिनीचं उत्तर आलं, 'बाई, पत्र सुंदर आहे. पण ते तुमचं आहे. बाबा इतकं शुद्ध बोलत नाहीत.' इतकी वर्षं मराठी शिकवल्याचं फळ असं तोंडावर मिळालं.

काका निवृत्त झाले आणि त्याच साली त्यांचा घसा बसला. आठवडे झाले तरी उठेना. तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधी होती, देवाची कृपा, पण कापावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही. गल्लीतली पातेली वाचली, असं मीच हसत म्हटलं होतं. दोन दिवसांत माझं हसू जिरलं. अडकित्त्याचा आवाज नसलेली संध्याकाळ खायला उठायची. काका खाटेवर बसून भिंतीकडं बघत राहायचे. कागद दिला तर नुसतं मान हलवून नको म्हणायचे.

मी शाळेतून एक पाटी आणि पेन्सिल आणून दिली. काकांनी तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं, 'पाणी देण्यात यावे.' काकूंनी फुलपात्र पुढं केलं आणि म्हणाल्या, देण्यात आलंय, प्या.

मग बाबाराव समाचाराला आले. काका बोलत नाहीत म्हणजे त्यांना ऐकूही येत नसणार, अशा समजुतीनं कानाशी तोंड नेऊन ओरडायला लागले. काकांनी पाटी ओढली, भराभर लिहिलं आणि त्यांच्यापुढं धरली. 'बाबाराव, घसा गेलाय माझा, कान शाबूत हायेत. हळू बोला, पडेगावात तुमची म्हैस दचकली असंल.'

बाबाराव हसून हसून खाटेवर आडवे झाले. मी म्हटलं, काका, अहो येतं की तुम्हाला लिहायला! काकांनी तळहातानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'हे कुठं लिहिलंय बाई?' तेही पुसलं आणि कोरी पाटी मला दाखवून डोळे मिचकावले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटीवरचं मिसलीत जात नव्हतं. बोललेल्यासारखंच ते वाऱ्यावर जात होतं, म्हणून त्यात माणसाला मुभा होती, बेडकालासुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून ओटा पुन्हा भरला. काका एक वाक्य लिहायचे, बाबाराव ते मोठ्यानं वाचायचे, मग काका ओल्या फडक्यानं पाटी पुसायचे. गोष्ट रंगात आली की मुद्दाम सावकाश पुसायचे, कोपरान् कोपरा. सुपारीची जागा फडक्यानं घेतली होती. बाबाराव वाचायचे अडखळत, एका सुरात, तरी लोक हलत नव्हते. माझं दूध परत उतू जायला लागलं आणि मला फार बरं वाटलं.

ऑपरेशनचं कळल्यावर नलिनी आली. तिनं बाबारावांच्या हातातून वाचायचं काम काढून घेतलं. ती वाचायला लागली तेव्हा गल्ली चपापली. थांबे तेच, हेल तोच, बेडूकही तोच. बाप लिहीत होता, लेक बोलत होती, आणि आम्हाला काकाच ऐकू येत होते. काकू पदरानं डोळे टिपत आत गेल्या. मीही टिपले, कशाला लपवू?

जायच्या दिवशी काकांनी शेवटी म्हशीला हात घातला. सामान बांधून दारात ठेवलेलं, टांगा सांगितलेला, आणि यांनी सुरुवात केली ती म्हशीच्या आईपासून. पाटी ती केवढीशी! म्हैस छावणीत आली आणि टांगाही दारात आला. काकांनी पुसायला फडकं उचललं, तोच नलिनीनं पाटी हिसकावून घेतली. काका घाबरले, हातानं पूस पूस अशा खुणा करायला लागले.

नलिनी म्हणाली, "नाय बाबा. आजवर तुम्ही मला काय काय सांगितलं, त्यातलं हातात धरायला माझ्याकडं काहीच नाय. एवढं तरी नेते."

तिनं पाटी जुन्या लुगड्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि टांग्यात बसली. काका गल्लीच्या तोंडापर्यंत मागं मागं गेले. लेक निघाली म्हणून, की अक्षर निघालं म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत.

आठवड्यानं तिचं कार्ड आलं. 'बाबा, पाटी पोचली. म्हैस मात्र बहुतेक मनमाडला उतरली, पाटी कोरी निघाली. आता तिला कशावरून पाठवता?'

महिना संपला, डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. गल्लीनं ओट्यावर आधीच जागा धरून ठेवल्या होत्या. काकांनी तोंड उघडलं, आणि आला तो आवाज त्यांचा नव्हता. पत्रा फरशीवर ओढावा तसा, आणि चार वाक्यांनंतर खोकला. दिवस गेले तरी तो सुधारला नाही. टोपी नदीत पडेपर्यंतच काका दमून जायचे. लोक मुद्दाम यायचे, मुद्दाम हसायचे, आणि ते मुद्दाम आहे हे काकांना कळायचं. मला फार वाईट वाटायचं. अशा माणसाचा देवानं गळाच का धरावा?

एका दुपारी काकूंनी मला हाक मारली. काका ओट्यावर बसले होते, मांडीवर पाटी आणि पाटीवर पोस्टकार्ड. कार्ड कडेपर्यंत गच्च भरलेलं. काकांनी ते माझ्या हातात दिलं आणि फाटक्या आवाजात म्हणाले, शुद्धलेखन बघा.

मी वाचलं. 'नले, ऐक. म्हैस छावणीत होती. तिथं एका शिपायानं तिला आडवलं. तिनं त्याच्याकडं अशी नजर टाकली जशी तुझी आई माझ्यावर टाकती. सोडली बिचाऱ्यानं. मंग ती कुणाला न इचारता बाबारावाच्या दारात. बाबाराव म्हणतो मी रडलो नाय. रडला. मी पण रडलो, ते एक्स्चेंजवालीला नाय सांगितलं. नले, म्हशीपाशी पत्ता नव्हता तरी ती आली. माझ्यापाशी तर तुझा पत्ता हाय. येतो.' खाली सहीच्या जागी नुसतं 'बाबा'.

चुका म्हणाल तर ओळीओळीला होत्या. लाल शाईचं पेन माझ्या पर्समध्ये होतं, ते मी बाहेर काढलं नाही. म्हटलं, काका, एकही चूक नाही. मास्तरकीत मी एवढं धडधडीत खोटं दुसऱ्यांदा बोलले नाही.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. पुढच्याच आठवड्यात काका-काकू जबलपूरला गेले, तिकडंच रमले आणि परत राहायला कधी आले नाहीत. त्यामुळं काका आठवले की मला ते त्या लाल पेटीपाशीच उभे दिसतात. मनगटापर्यंत हात आत घातलेला, पण कार्ड काही सुटत नाही.

त्यांनी विचारलं, "बाई, ह्यातनं परत काढता येत नाय ना?"

मी म्हटलं, नाही.

"मग आता जावंच लागंल," काका म्हणाले, आणि त्यांनी कार्ड सोडलं.